पिशवीतला दुसरा दगड

१

शिशाचं सील तुटलं, तार सुटली आणि टेबलावरच्या पांढऱ्या बशीत दगड पडला, तेव्हा खोलीतल्या सगळ्यांनी माना पुढे केल्या. दगड पिवळा होता, चकचकीत होता आणि चुकीचा होता.

हे सगळ्यात आधी कळलं ते भिंगवाल्यांना. खाणीच्या कंपनीत चाळीस वर्षं डोंगर तुडवलेले, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी गळ्यातलं भिंग न उतरवलेले हे गृहस्थ टेबलाशी ताठ बसले होते. बशीत नजर गेली आणि त्यांचा चेहरा कुणी थोबाडीत मारल्यासारखा झाला.

"हा माझा दगड नाही," ते म्हणाले.

शेजारी मुशीवाले होते. हे कंपनीचे रसायनतज्ज्ञ. दगड मुशीत वितळवून त्यात काय दडलंय ते सांगायचं हा त्यांचा धंदा, म्हणून हे नाव. त्यांनी खिशातला चाकू काढून दगडावर दाबून ओढला. ओरखडासुद्धा उठला नाही. "पायराइट," त्यांनी जाहीर केलं. "लोखंड आणि गंधक. नवशिके याला सोनं समजतात." शेवटच्या वाक्याची काही गरज नव्हती. पण या दोघांची वीस वर्षांची खुन्नस होती, त्यामुळे ते आलंच.

कंपनीच्या साहेबांनी दगड तराजूवर ठेवला. पिशवीच्या चिठ्ठीवर भिंगवाल्यांच्या अक्षरात साठ ग्रॅम लिहिलेलं होतं. तराजूनेही साठच दाखवले. मग साहेबांनी चष्मा काढला आणि समजुतीच्या सुरात बोलायला सुरुवात केली. सील सगळ्यांसमोर तुटलं, सही तुमची, वजन जुळतंय. दोन वर्षांपूर्वी तुम्ही प्लॅटिनम सापडलं म्हणून सांगितलंत, आम्ही काम थांबवलं, निघालं भलतंच. आता जुना बोगदा बंद करायची वेळ आली आणि तुम्ही पुन्हा दगड घेऊन आलात. सोमवारी अकरा वाजता बोगद्याच्या तोंडात काँक्रीट ओतलं जाईल. त्याआधी तुम्ही या कागदावर सही करा, की दगड सादर करण्यात तुमच्याकडून दिशाभूल झाली. कागद तुमच्या फायलीत लागेल आणि विषय संपेल.

भिंतीशी खुर्ची टाकून भिंगवाल्यांची मुलगी बसली होती. ती गावातली दातांची डॉक्टर. बाबांचे गुडघे धरतात म्हणून त्यांना गाडीने घेऊन आली होती. बाबांची फाइल म्हणजे काय, ते तिला पाठ होतं. लहानपणी बाबा घरी कमी असायचे आणि आई सांगायची की बाबांचं सगळं त्या फायलीत आहे. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दाराशी तिचा धाकटा भाऊ उभा होता. चौतिशीचा, सुटलेल्या पोटाचा, पण पाळण्यातलं पिंट्या हे नाव काही सुटलेलं नव्हतं. दगडांचे नमुने ठेवायची कोठी त्याच्या ताब्यात होती. पिशवी त्यानेच आणून टेबलावर ठेवली होती. कोठीतला धुळीचा मास्क अजून तोंडावर होता आणि नजर फरशीवर.

"सोमवारपर्यंत वेळ आहे ना?" मुलीने विचारलं.

साहेब म्हणाले, आहे की. त्यांना वाटलं, सही करायला वेळ मागतेय.

२

घरी आल्यावर भिंगवाले बसेनात. खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत त्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या. मुलीलाही बसवेना. शेवटी दोघं समोरासमोरून फेऱ्या मारायला लागली आणि खोलीच्या मधोमध एकमेकांना अडवायला लागली, तेव्हा तिने त्यांना दंड धरून खुर्चीत बसवलं.

"बाबा, मला दगडातलं काही कळत नाही असं धरून सांगा. तुमचा दगड कसा होता?"

त्यांनी सांगितलं. त्या डोंगरात एके काळी ज्वालामुखी होता. अशा डोंगरात कधीकधी पांढऱ्या गारेच्या बारीक शिरा असतात, बोटाएवढ्या रुंद. त्या शिरेत फ्लोराइट नावाचा जांभळा दगड दिसला की थांबायचं आणि कंदील जवळ न्यायचा. जुन्या खाणकामगारांनी तिथे पिवळं सोनं शोधलं, मिळालं नाही, आणि ते निघून गेले. पण तिथलं सोनं पिवळं नसतंच. ते टेल्युरियम नावाच्या दुसऱ्या धातूशी इतकं एकजीव झालेलं असतं की फिकट, चांदीवर वाळल्या गवताची छटा मारावी तसं दिसतं. याला म्हणायचं सोन्याचं टेल्युराइड. लाखात एखाद्या डोंगरात मिळतं. "आणि ओळखायचं सोपं असतं गं. चाकूने सहज ओरखडा उठतो. पायराइटवर जन्मात उठणार नाही. हातात घेतलं की आकाराच्या मानाने जड लागतं. आणि भट्टीत भाजलं की टेल्युरियम धूर होऊन जातं आणि सोनं थेंबाथेंबाने वर येतं."

"आणि केवढा होता?"

"बोराएवढा. गार सगळी झाडून काढली होती मी."

तिच्या डोळ्यांपुढे बशीतला दगड आला. तो चांगला लिंबाएवढा होता.

"वजन तर साठच भरलं."

"पायराइट हलकं असतं. साठ ग्रॅम भरायला मोठा तुकडा लागतो." म्हातारा एकदम खुर्चीत पुढे सरकला. मग हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे कुणीतरी बसून वजन करून निवडलंय गं."

इथून पुढे हिशेब सोपा होता. मागच्या शुक्रवारी संध्याकाळी पाचनंतर त्यांनी पिशवी कोठीत दिली. पाचनंतर आलेली पिशवी कुणी तपासायची नाही, सील मारून जाळीच्या कपाटात ठेवायची आणि समितीपुढेच उघडायची, असा कंपनीचा शिरस्ता. सील मारायचा चिमटा कोठीतच खिळ्याला लटकलेला असतो. कोठीच्या किल्ल्या तीन. एक साहेबांकडे, एक मुशीवाल्यांकडे आणि एक पिंट्याकडे.

"पुन्हा बोगद्यात जाऊन दुसरा तुकडा आणता येणार नाही?" तिने विचारलं.

बोगद्यावर त्याच दिवशी, गुरुवारी, पहारा बसला होता. भिंगवाल्यांना आत सोडायचं नाही, असं साहेबांनी लेखी दिलं होतं.

३

शुक्रवारी सकाळी दवाखान्यात तिच्या हातून दोनदा आरसा पडला. तिसऱ्या पेशंटनंतर तिने मदतनीस बाईंना सांगितलं की बारानंतर कुणाला घेऊ नका. तेवढ्यात पिंट्याची बायको आली.

भावजय तशी बडबडी आणि प्रेमळ. सासऱ्यांचं कळलं, वाईट वाटलं, म्हणून आले असं म्हणाली. स्वतः मागच्या आठवड्यात चार दिवस माहेरी होती, रविवारी परतली तर घराची दशा बघवत नव्हती म्हणाली. तिची लोखंडी पळीसुद्धा हरवली होती, आणि नवऱ्याला विचारलं तर तो कानावर हात ठेवत होता. मग उठता उठता, दाराशी जाऊन, खरं विचारायचं होतं ते तिने विचारलं.

"वन्सं, हिरड्या चांगल्या असल्या तरी तोंडाला वास येतो का हो? आमच्या शेजारणीच्या नवऱ्याला येतो. बाई अगदी रडकुंडीला आलीय. लसूण खाल्ल्यासारखा येतो, आणि लसूण तर घरात आणलेली नाही. पाणी ढसाढसा पितो, जेवण जात नाही, तोंडाला लोखंडाची चव आहे म्हणतो."

डॉक्टरीणबाईंचं निम्मं लक्ष घड्याळाकडे होतं. पोट बिघडलं असेल, त्याला इकडे पाठवा, तोवर या औषधाने गुळण्या करायला सांगा, असं म्हणून तिने बाटली दिली. भावजयीने ती पदराआड धरून नेली. शेजारणीसाठी एवढं कोण लाजतं, हा विचार मनात आला आणि दुसऱ्या क्षणी साहेबांच्या विचारात बुडून गेला.

साहेब बाराला भेटले. त्यांना बोगदा बंद करायची घाई होती आणि ती ते लपवतही नव्हते. वरून हुकूम आलाय, बोगदा खचतोय, उद्या आत कुणी मेलं तर जबाबदार मी. संशय घ्यायला माणूस अगदी मापाचा होता. पण बोलता बोलता तिचं लक्ष त्यांच्या टेबलावर गेलं. कागद उडू नयेत म्हणून त्यांनी दोन दगड ठेवले होते. तिने सहज विचारलं, यातला जास्त जड कुठला? साहेबांनी दोन्ही हातात घेतले, उगाच झुलवले आणि मोठा दगड पुढे केला. तिने दोन्ही उचलून बघितले. लहान दगड दीडपट जड होता.

लहान दगड जास्त जड असू शकतो हेच ज्याला कळत नाही, त्याला बदललेल्या दगडाचं वजन जुळवायचं सुचेल? तिथून बाहेर पडताना तिच्या यादीत दोनच किल्ल्या उरल्या होत्या. त्यातली एक भावाची होती आणि ती तिने धरलीच नव्हती.

४

तरी कोठी बघायला हवीच होती. पिंट्याने जाळीच्या खिडकीआडूनच बोलणं केलं. आत फार धूळ आहे ताई, तुझा सुती ड्रेस खराब होईल, असं मास्कमधून म्हणाला. डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. बाबा जेवले का, एवढं त्याने दोनदा विचारलं. तिला भडभडून आलं. लहानपणी बाबा डोंगरावरून यायचे तेव्हा हा पोरगा त्यांच्या बुटांतली माती चाळत बसायचा, सोनं सापडेल म्हणून.

"तुझी दाढ कधी भरायची? मंगळवारची वेळ चुकवलीस," तिने विषय बदलला.

"येतो गं. हे संपू दे."

मागच्या शुक्रवारी सहाला कुलूप लावलं आणि सोमवारी सकाळी उघडलं, असं तो म्हणाला. मधे कोण आलं असेल, सांगता येत नाही. मुशीवाले शनिवारीही काम करतात, हे मात्र त्याने न विचारता सांगितलं.

तिने आग्रह धरला म्हणून शेवटी त्याने दार उघडलं आणि स्वतः लांब दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला. कोठीत भिंतभर लाकडी खण होते, खणाखणात दगड, दगडाखाली चिठ्ठी. नव्या भरतीच्या लोकांना शिकवायला ठेवलेला एक खण ती वाकून बघायला लागली. सगळ्या दगडांवर बोटभर धूळ होती. पायराइटची चिठ्ठी जागेवर होती. तिच्यावर मात्र दगड नव्हता. तिथे लिंबाएवढी स्वच्छ, गोल, बिनधुळीची जागा होती.

पायराइट बाहेरून आलंच नव्हतं. ज्याने बदललं त्याने याच खोलीत उभं राहून, याच खणातून, इथल्या कोपऱ्यातल्या तराजूवर तोलून निवडलं होतं. तिने वळून पिंट्याला ती जागा दाखवली. मास्कच्या वर त्याचे डोळे एकदा मिटले आणि उघडले.

"मुशीवालेच," ती म्हणाली.

५

शनिवारी ती प्रयोगशाळेत गेली ती भांडायच्या तयारीनेच. दारातच तिला लसणीचा उग्र वास आला. भट्टीपाशी मुशीवाले चहा पीत होते. त्यांनी तिला बसायला स्टूल दिलं आणि वासाबद्दल आपणहून माफी मागितली. काही दगडांत आर्सेनिक असतं, ते भाजलं की असा वास सुटतो. पंखा जुना झालाय, मागून मागून थकलो, नवा मिळत नाही.

ती सरळ मुद्द्यावर आली. बाबांशी तुमचं वैर, कोठीची किल्ली तुमच्याकडे, तराजू तुमचा रोजचा, दगड तुम्हाला कळतात, आणि शनिवारी तुम्ही इथे एकटे असता. तो दगड तुम्ही घेतलात. भट्टीत घालून बघितलात, खरा निघाला, आणि तुमच्या पोटात दुखलं.

मुशीवाल्यांनी चहा संपवला. त्यांना राग आला नाही, हेच तिला विचित्र वाटलं.

"तुमच्या वडिलांचं आणि माझं पटत नाही. ते न तपासता बोलतात आणि मी तपासल्याशिवाय बोलत नाही. पण बाई, मी तो दगड भाजला असता ना, तर तुम्हाला चौकशी करायची गरजच नव्हती. तुम्ही या स्टुलावर बसूच शकला नसतात."

"म्हणजे?"

"टेल्युरियमचा धूर अंगात गेला की श्वासावाटे बाहेर पडत राहतो. कणभर पुरतो. दात घासा, उपास करा, उपयोग शून्य. आठवडेच्या आठवडे टिकतो. ज्याला येतो त्याला कुणी सांगेपर्यंत पत्ता नसतो, आणि घरातले जवळ उभे राहत नाहीत. आमच्या शिक्षकांना झालं होतं. बायको दोन महिने माहेरी जाऊन राहिली." ते हसले. "म्हणून जाणकार माणूस असला दगड बंद कपाटात, पंखा लावून भाजतो. उघड्यावर भाजणारा एकतर अडाणी किंवा घाईत."

"कसला वास असतो?" तिने विचारलं, आणि विचारतानाच तिला उत्तर कळलं होतं.

"लसणीचा. हा इथला आर्सेनिकचा वास भट्टीबरोबर थंड होतो. तो नाही होत."

ती उठायला गेली आणि पुन्हा खाली बसली. शेजारणीचा नवरा. ढसाढसा पाणी. तोंडाला लोखंडाची चव. हरवलेली लोखंडी पळी. चुकवलेली मंगळवारची वेळ. घरी दातांची डॉक्टर बहीण असून जो माणूस आठ दिवस तिच्या जवळ आला नाही, जाळीआडून आणि मास्कमधून बोलत राहिला.

दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून बघणारी बाई आपण, आणि आपल्याच घरातल्या तोंडाचा वास आपल्याला आला नाही. मुशीवाले तिला पाणी देत होते, ते तिने हातानेच नको म्हटलं.

६

रविवारी सकाळी पिंट्याने दार उघडलं. मास्क नव्हता. बहिणीला बघून तो दोन पावलं मागे सरकला, पण तेवढा वेळ पुरला. तिला ठसका लागला.

"ताई, मी सांगणार होतो," तो म्हणाला आणि सोफ्यावर बसून लहान पोरासारखा रडायला लागला. भावजय स्वयंपाकघराच्या दारात थिजून उभी राहिली.

त्याने चोरी केली नव्हती. त्याहून वाईट केलं होतं, त्याने बाबांवर विश्वास ठेवला नव्हता. दोन वर्षांपूर्वी प्लॅटिनमचा फज्जा उडाला, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत लोक त्याच्यासमोर हसले होते. पुन्हा तसं व्हायला नको. आधी आपणच बघू, खोटं निघालं तर बाबांना गुपचूप सांगून पिशवी मागे घ्यायला लावू, असं त्याच्या डोक्यात आलं. सील तोडून दगड घरी आणला. भाजला की सोनं थेंबाथेंबाने वर येतं, हे त्याने लहानपणापासून ऐकलेलं. बायको घरात नव्हती. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून खिडक्या लावल्या आणि लोखंडी पळीत दगड ठेवून गॅसवर धरला.

"पांढरा धूर आला गं. दगड वितळला. करडा गोळा झाला नुसता. पिवळं काही म्हणजे काही दिसलं नाही. मला वाटलं, पुन्हा तेच. बाबा पुन्हा चुकले."

घरच्या गॅसची आच पुरली नव्हती, एवढंच. भट्टीत तासभर राहिला असता तर त्याच गोळ्यातून सोनं आलं असतं. पण हे त्याला ठाऊक नव्हतं. वितळलेला गोळा पिशवीत घालता येईना, पिशवी रिकामी ठेवता येईना, सील तोडलं म्हणून सांगावं तर नोकरी जाणार. त्याने स्वतःची समजूत घातली की दगड खोटा तो खोटाच, एका खोट्याच्या जागी दुसरा गेला तर काय बिघडलं. वजन मात्र नीट जुळवलं. अकरा वर्षं कोठी सांभाळल्याची सवय.

"गोळा कुठाय?"

"पळीसकट कचऱ्यात टाकला. गाडी मागच्या शनिवारीच घेऊन गेली."

ती डोकं धरून बसली. दगड गेला, गोळा गेला. पिंट्या नुसतं बोलला तर साहेब म्हणतील, बापाला वाचवायला पोरगा स्वतःवर ओढवून घेतोय. बोगदा बंद होणार आणि कागदावर सही होणार. ती उठली, खोलीत एक फेरी मारली आणि भावासमोर येऊन थांबली.

"एक पुरावा उरलाय. तुझं तोंड. मुशीवाल्यांना तो वास ओळखता येतो. अख्ख्या गावात टेल्युरियम कुणाकडे नाही. तुझ्या अंगात आलं ते बाबांच्या दगडातून, एवढाच त्याचा अर्थ निघतो."

"म्हणजे सगळ्यांसमोर..."

"हो. सगळ्यांसमोर."

संध्याकाळी तो बाबांकडे गेला आणि अंगणात उभं राहून त्यांना सगळं सांगितलं. भिंगवाल्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. चाळीस वर्षांत एकदा खरा दगड हाती लागला आणि तो पोटच्या पोराने पळीत वितळवला, हे पचवायला त्यांना बराच वेळ लागला असावा. मुलाशी ते एक शब्द बोलले नाहीत. मुलीला मात्र आत बोलावून म्हणाले, "त्याला तिथे न्यायचं नाही. नोकरी जाईल त्याची. बायकोपोरांचा संसार आहे. सही करून टाकतो मी. माझं काय राहिलंय आता."

"बाबा, बोगदा उद्या बंद होईल. मग कुणी कधीच बघायला जाणार नाही."

"माहीत आहे," ते म्हणाले, आणि पुन्हा फेऱ्या सुरू झाल्या.

७

सोमवारी साडेदहाला ती बाबांना घेऊन कंपनीत पोहोचली. पिंट्याचा फोन सकाळपासून बंद होता. खिडकीतून समोर डोंगराच्या रस्त्यावर काँक्रीटच्या दोन गाड्या गरगरत उभ्या दिसत होत्या. साहेबांनी कागद पुढे सरकवला आणि पेनचं टोपणही काढून दिलं. मुशीवाले साक्षीदार म्हणून बसले होते.

भिंगवाल्यांनी कागद वाचला. भिंग डोळ्याला लावून एकेक ओळ वाचली, दगड वाचावा तशी. मुलीला ते बघवेना. ती दाराकडे बघत राहिली. अकराला दहा मिनिटं होती तेव्हा दार उघडलं.

पिंट्या मास्क न लावता आला होता. "सील मी तोडलं," तो दारातूनच म्हणाला. "दगड मी घरी नेऊन जाळला. पायराइट मी ठेवलं. बाबांना काही माहीत नव्हतं."

साहेबांनी सुस्कारा टाकला. वडिलांसाठी जीव तुटणं समजू शकतो, पण असल्या बोलण्यावर काम थांबवता येत नाही, पुरावा काय, असं ते सांगत होते. पिंट्या त्यांचं ऐकतच नव्हता. तो टेबलाला वळसा घालून मुशीवाल्यांच्या समोर आला, वाकला आणि त्याने तोंड उघडून एक लांब श्वास सोडला.

मुशीवाले खुर्चीसकट मागे गेले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. रुमाल काढून त्यांनी नाक पुसलं, चष्मा पुसला, आणि बराच वेळ ते भिंगवाल्यांकडे बघत राहिले.

"परत," ते म्हणाले. तपासल्याशिवाय बोलायचं नाही, हा नियम त्यांनी आताही मोडला नाही. पिंट्याने परत श्वास सोडला.

"साहेब, गाड्या थांबवा."

"अहो, लसूण खाल्ली असेल त्याने."

"तुम्ही जवळ येऊन बघा आणि मग लसूण म्हणा. आर्सेनिकने माणसाच्या श्वासाला असा वास यायला लागेल तोवर तो दवाखान्यात पडलेला असतो. हा दोन पायांवर चालत आलाय. हे टेल्युरियम आहे. माझ्या प्रयोगशाळेत त्याची चिमूटसुद्धा नाही, तुमच्या कुठल्याही खाणीत नाही. याच्या पोटात ते एकाच ठिकाणाहून जाऊ शकतं." मग भिंगवाल्यांकडे न बघता त्यांनी पुढे जोडलं, "मी त्या दिवशी पायराइट म्हणालो होतो आणि ते पायराइटच होतं. माझी चूक नाही. पण नवशिका म्हणालो, ते मागे घेतो."

साहेब तोवर उठून जवळ गेले होते. एकाच श्वासात ते खिडकीपाशी पोहोचले, दोन्ही दारं उघडली आणि तिथूनच फोन लावला. समोरच्या रस्त्यावर गाड्यांचं गरगरणं थांबलं नाही, पण त्या मागे वळायला लागल्या. मुशीवाल्यांना दोन माणसं घेऊन दुपारीच बोगद्यात जायचं होतं. जांभळा दगड कुठल्या फाट्यावर दिसतो, ते त्यांनी कागदावर काढून मागितलं, आणि भिंगवाल्यांनी सहीसाठी पुढे आलेल्या त्याच कागदाच्या मागे नकाशा काढून दिला.

पिंट्याच्या नोकरीचं काय ते चौकशीनंतर ठरेल, असं साहेब खिडकीतून बाहेर बघत म्हणाले. त्यांच्या आवाजावरून ते ठरलेलंच होतं. पिंट्या बरं म्हणाला आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसला. आजूबाजूच्या खुर्च्या आपोआप लांब सरकल्या. बहिणीला त्याच्याजवळ जायचं होतं, पण तिच्याही नाकाला रुमाल होता, आणि त्याची तिला लाज वाटत होती.

भिंगवाले उठले. कालपासून ते मुलाशी बोललेले नव्हते. गुडघे धरत धरत त्यांनी आपली खुर्ची ओढत ओढत कोपऱ्यापर्यंत नेली आणि मुलाच्या खांद्याला खांदा लागेल एवढ्या जवळ बसले.

"बाबा, जरा लांब बसा," पिंट्या तोंडावर हात धरून म्हणाला. "फार वास येतोय."

"येऊ दे," म्हातारा म्हणाला. "चाळीस वर्षं शोधतोय मी याला. हात काढ तोंडावरचा."